ट्रुडीची तुरुंगातली राई

ट्रुडी हॉफस्टेटर आमच्यात आली ती ताटांमुळे. १९९४ सालचा उन्हाळा होता. हेझलफर्डच्या नदीकाठी आम्ही दहा-बारा जण वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सण करत होतो. पूजा छान झाली. सूर्याला मधाची दारू वाहिली, ओट्स वाहिले, गाणी म्हटली. जेवायला बसलो तेव्हा कळलं, की चौघांनी बटाट्याचं सॅलड आणलंय आणि ताटं कोणीच आणलेली नाहीत. लगेच 'तू आणणार होतास', 'मी कधी म्हटलं' असं सुरू झालं. शेजारणीबरोबर नुसती बघायला आलेली एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई उठली आणि आपल्या गाडीतून शाळेच्या सहलीत उरलेली कागदी ताटं घेऊन आली. वाटता वाटता तिनं विचारलं, "इथं ठरवतं कोण?"

"सगळेच," कोणीतरी म्हणालं.

"म्हणजे कोणीच नाही. पुढच्या वेळी ताटं माझ्याकडे. बाकी कोणी काय आणायचं ते आत्ताच लिहून घ्या."

वही माझ्याकडे होती. त्या दिवशी मी आमच्या राईची, म्हणजे गावातल्या आमच्या पूजेच्या गटाची, चिटणीस झाले, ती अजून आहे.

ट्रुडी शाळेची बस चालवायची. एकतीस वर्षं चालवली. मक्याच्या शेतांमधले खडीचे रस्ते, चौपन्न मुलं, आणि आरशातून मागे बघायची एक नजर, जिच्यापुढे पुढच्या सीटवरून चाललेली मारामारी आपोआप थांबायची. तिचं घराणं जर्मन लुथरन. आजोबा चर्चच्या पंचमंडळात होते, भाऊ क्लेम अजूनही आहे. बहीण पेगन झाली, सूर्याला आणि निसर्गातल्या जुन्या देवांना पुजू लागली, हे कळल्यावर क्लेमनं तिला विचारलं, की आता झाडांनाही मतदान करायला लावणार का. ती म्हणाली, झाडं निदान बैठकीला वेळेवर हजर असतात. भावाबहिणीत याहून मोठं भांडण कधी झालं नाही.

देवांविषयी ती फारशी बोलायची नाही. चाळिशीत घटस्फोट झाला, त्यानंतरच्या हिवाळ्यात बसच्या पहिल्या फेरीआधी ती एका शेताच्या बांधावर थांबायची, उगवत्या सूर्याला कॉफीतला पहिला घोट वाहायची. हे आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं, असं ती सांगते. तसं करणारी आणखी माणसं आहेत हे कळल्यावर तिला बरं वाटलं. पण त्या माणसांना चार खुर्च्या नीट मांडता येत नाहीत हे पाहून तिला राहवेना.

आमचं चर्च म्हणजे पाच नद्यांचं पेगन चर्च. त्याची रीत साधी आहे. एका गावात तिघं जमले की त्यांचं रोप लागलं असं धरायचं. रोपानं वर्ष आणि एक दिवस ऋतूंचे आठही सण उघडपणे, येईल त्याला सामील करून घेऊन करायचे. तोवर सात सभासद झाले, त्यांनी आपला प्रमुख मतानं निवडला, की रोपाची राई होते. दर राईला वर्षाच्या महासभेत एक मत. कागदावर हे सगळं आधीपासून होतं. गावोगाव जाऊन ते उभं करणारं माणूस नव्हतं.

ते काम ट्रुडीनं अंगावर घेतलं. शनिवारी व्हॅनमध्ये घडीच्या खुर्च्या टाकायच्या आणि जायचं. कुठं दोन परिचारिका आणि एक सुतार, कुठं एक म्हातारं जोडपं आणि त्यांची सून. ती त्यांना पूजा शिकवायला जात नसे. बैठक कशी घ्यायची, इतिवृत्त कसं लिहायचं, कोणी रडायला लागलं तर बैठक थांबवायची की नाही (थांबवायची, पण दहाच मिनिटं), हे शिकवायची. वीस वर्षांत तिनं सात राया लावल्या. मी बऱ्याच वेळा बरोबर असे. परतीच्या वाटेवर ती कधी पूजा कशी झाली असं विचारत नसे. म्हणे, "तो कोपऱ्यातला माणूस बोलला का गं शेवटपर्यंत?"

सगळं काही जमलंच असं नाही. टॉलिव्हर गावची राई मोडली. तिथं नवरा प्रमुख, बायको खजिनदार. शेडची किल्ली, टपालाची पेटी, नैवेद्याची भांडी, सगळं त्यांच्या घरात. त्यांचा संसार मोडला आणि एकोणीस माणसांची राई एका आठवड्यात दोन वकिलांच्या कार्यालयांत जाऊन बसली. ट्रुडी तिथं चार वेळा गेली. चौथ्या वेळी दार उघडायलाही कोणी आलं नाही. घरी येताना ती म्हणाली, की हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, दोघं गोड होती म्हणून बोलले नाही. तिनंच मग महासभेत नियम आणला, की राईच्या किल्ल्या दोन असाव्यात आणि त्या एका छपराखाली नसाव्यात. काही लोक हसले. आज प्रत्येक राईत तो नियम आहे.

२०१० साली चर्चच्या मध्यवर्ती मंडळाकडे एक पत्र आलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, कार्व्हर रिज तुरुंगातून. लिहिणारा एमेट रस्क. आम्ही नऊ जण आहोत, सण करू इच्छितो, बाहेरच्या चर्चमधलं कोणी येत असेल तरच तुरुंग परवानगी देईल, असा मजकूर. मंडळाचा अध्यक्ष तेव्हा कॉर्विन ॲश होता. हे त्यानं घेतलेलं नाव. जन्माचं नाव डेनिस पॉट्स, आणि ट्रुडी त्याला शेवटपर्यंत डेनिसच म्हणायची. त्यानं पत्र वाचून सांगितलं, की विषय नाजूक आहे, पुढच्या बैठकीत घेऊ. पुढच्या बैठकीपर्यंत ट्रुडी तिथं जाऊन आली होती.

तुरुंगातल्या पूजेला मीही पुष्कळदा गेले आहे. आग नाही, दारू नाही, धातूचं काही नाही. सफरचंदाचा रस आणि जेवणातून वाचवलेले ओट्स. रस वाहायला जमीन नाही, म्हणून फरशी पुसायच्या बादलीत वाहायचा. ज्याच्याकडे बागकाम असे तो दुसऱ्या दिवशी ती बादली अंगणातल्या मेपलच्या बुंध्याशी रिती करायचा. आमच्यातल्या काहींना हे ऐकून कसंसंच झालं. ट्रुडी म्हणाली, पितर भांडं बघत नाहीत.

पहिली अडचण प्रमुखाची आली. चर्चचा नियम असा, की राईनं प्रमुख निवडलाच पाहिजे. तुरुंगाचा नियम असा, की एका कैद्यानं दुसऱ्यावर कसलाही अधिकार चालवता कामा नये. उपअधीक्षक गॅरिटी नावाच्या बाई होत्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं, इथं ज्याला चार माणसं मानायला लागतात त्याला आम्ही दुसऱ्या बराकीत हलवतो. ट्रुडीनं दोन्ही नियमावल्या समोरासमोर ठेवून दोन संध्याकाळी वाचल्या. मग माणसांपुढे मार्ग ठेवला: प्रमुख दर सणाला बदलायचा, चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमानं, ज्याची पाळी त्याची. पूजा संपली की पद संपलं. हे त्यांनी मतानं मंजूर करायचं, म्हणजे निवड त्यांचीच झाली. गॅरिटीबाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "म्हणजे यांचा म्होरक्या कोण?"

"आज मिस्टर रस्क. साडेतीनपर्यंत."

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि सही केली.

दुसरी अडचण त्यांच्यातूनच आली. डेल स्ट्रोमायर नावाचा एक धिप्पाड माणूस होता. त्याचं म्हणणं, हे देव आपल्या रक्ताचे, आपल्या वंशाचे. ते पाचव्या सणाला बाहेर आलं, कारण त्या दिवशी पाळी हेक्टर ओलिव्हासची होती. हेक्टर बुटका, शांत, स्वयंपाकघरात काम करणारा. त्याची आजी मेक्सिकोतली. स्ट्रोमायर म्हणाला, की याच्या हातून वाहिलेलं देव घेणार नाहीत. तिघांनी माना डोलावल्या. बाकीचे जमिनीकडे बघायला लागले. तिथं कोणाच्या बाजूनं उभं राहायचं याची किंमत बराकीत परत गेल्यावर मोजावी लागते. हे मला कळत होतं, ट्रुडीला तर माझ्याहून जास्त.

ती खुर्चीतून उठली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "आमच्या चर्चमध्ये पूजा येईल त्याची असते. हा नियम मी केला नाही, पण मी मोडूही देणार नाही. ज्याला हे दार बंद करायचंय, त्यानं बाहेर जाऊन बंद करावं."

स्ट्रोमायरनं खुर्ची मागे सारली. मग उठला. त्याच्या मागे ते तिघं. दाराशी पहारेकऱ्यानं त्यांची नावं लिहून घेतली. खोलीत पाच माणसं राहिली. हेक्टरनं ओतलेला थोडा रस बादलीच्या कडेवर सांडला. एमेट रस्कनं आपल्या शर्टाच्या बाहीनं तो पुसला आणि म्हणाला, "चल हेक्टर, सांग देवांना आम्ही कोण आलोय ते."

गाडीत बसल्यावर ट्रुडीनं किल्ली लावली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली. मी म्हटलं, तू बरोबर केलंस. ती म्हणाली, "मी घरी चाललेय विनी. ते तिथंच राहणार आहेत." पुढचे सहा आठवडे तिला झोप नव्हती. पुढच्या सणाला पाचही जण होते. एकाच्या डोळ्याखाली काळंनिळं होतं. त्यानं त्याविषयी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पाळी त्याची होती आणि त्यानं पूजा केली.

वर्ष आणि एक दिवस पुरा झाला तेव्हाही ते पाचच होते. २०१२ च्या महासभेत ट्रुडीनं त्यांना राईचा दर्जा मागितला. महासभा काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये भरते. कितीही धुतला तरी तिथं गवताचा वास असतोच. कॉर्विन म्हणाला, नियम सातचा आहे. शिवाय दर सणाला बदलणारा प्रमुख म्हणजे प्रमुख नव्हे. शिवाय ही माणसं सभेला येऊ शकत नाहीत, मग त्यांना मत कसलं? तो वाईट माणूस नव्हता. चर्चचं नाव वर्तमानपत्रात कसं येईल याची त्याला काळजी होती. ती कोणीतरी करायला हवीच असते.

ट्रुडीला भाषण करता येत नाही. तिनं माझी इतिवृत्तांची वही मागून घेतली आणि वाचायला लागली. सण पहिला, हजर नऊ. सण दुसरा, हजर नऊ. असं आठव्यापर्यंत. पाचव्याला, हजर नऊ, पूजेअखेर पाच, आणि चौघं का गेले ते. त्यापुढे दर वेळी, हजर पाच. मग आमच्याच राईची वही वाचली. त्याच वर्षी, सभासद एकवीस, हिवाळ्यातल्या सणाला हजर चार, कारण बर्फ. एवढं वाचून तिनं वही मिटली.

"डेनिस, सातचा नियम कशाला केला होता? टिकणारी माणसं आहेत की नाहीत ते कळावं म्हणून. या पाचांपेक्षा टिकाऊ माणसं या हॉलमध्ये कोणाला माहीत असतील तर त्यानं हात वर करावा."

हात वर झाला नाही. सभेनं सातऐवजी पाच केले, मत लिफाफ्यातून पाठवायची मुभा दिली, आणि कार्व्हर रिजची राई आमच्या यादीत पंधरावी म्हणून लागली. कॉर्विननं स्वतः सनदेवर सही केली. सनद तुरुंगात नेताना तिची चौकट काढून ठेवावी लागली, कारण काच चालत नाही.

आता जे सांगते ते दोन वर्षांनंतरचं.

टॉलिव्हर ट्रुडीच्या मनातून गेलं नव्हतं. त्यात आणखी एका राईतला प्रमुख मनमानी करू लागला, बैठकाच बोलवेना. त्याला हटवायला आठ महिने लागले आणि तोवर निम्मी माणसं गेली. ट्रुडीनं ठराव तयार केला: एक विभागीय देखरेखकार असावा, आणि संकटात त्याला कोणत्याही राईचा प्रमुख मतदानाशिवाय हटवता यावा. पहिली देखरेखकार तीच होणार हे सगळ्यांनी धरलं होतं. तिच्याइतकं विश्वासाचं दुसरं होतं कोण? मीही बाजूनं होते. नियमावली बदलायची म्हणजे पंधरापैकी दहा मतं हवीत. ठरावाच्या प्रती सगळ्या रायांना दोन महिने आधी गेल्या. कार्व्हर रिजलाही.

महासभेत हात वर झाले. बाजूनं नऊ, विरोधात पाच. राहिला लिफाफा. हॉलमध्ये लोक हसायला लागले, एकानं तर उठून ट्रुडीशी हस्तांदोलनही केलं. तुरुंगातली राई ट्रुडीच्या विरोधात कशी जाणार? लिफाफा चिटणिसानं फोडायचा असतो. मी फोडला. आत मतपत्रिका होती आणि एक पानभर पत्र. मतपत्रिकेवर लिहिलं होतं: विरोधात.

मी कागदांची पुन्हा घडी घालायला लागले. ट्रुडी पहिल्या रांगेतून म्हणाली, "वाच ना. पत्रही वाच."

पत्र एमेटच्या हातचं होतं, खाली पाच सह्या. मी जसं आठवतं तसं सांगते. त्यांनी लिहिलं होतं, की मिस ट्रुडी, तुमच्या विरोधात मत द्यायला आम्हाला तीन बैठका लागल्या. हेक्टर तर रडला. पण तुम्हीच शिकवलंत, की ठराव वाचायचा, ठराव आणणाऱ्याचा चेहरा वाचायचा नाही. आम्ही अशा ठिकाणी राहतो, जिथं एका माणसाच्या सहीनं सगळं होतं. ती सही चांगल्या माणसाची असली की दिवस बरे जातात. मग तो माणूस बदली होऊन जातो आणि सही तिथंच राहते. तुम्ही असाल तोवर आम्हाला भीती नाही. तुमच्यानंतर कोण, ते तुम्हालाही माहीत नाही. त्याऐवजी आमची सूचना अशी, की राईत भांडण झालं तर शेजारच्या तीन रायांनी एकेक माणूस पाठवावा, सगळ्यांना बसवून ऐकावं, आणि तीस दिवसांत त्याच राईचं मतदान घ्यावं.

मी ट्रुडीकडे बघायचं टाळत होते. बघितलं तेव्हा ती चष्मा काढून डोळे पुसत होती. मला वाटलं, तिला लागलं. ती उठली आणि सभेकडे वळली. वीस वर्षं मी तिला ओळखत होते, पण छाती पुढे काढून ती अशी उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "ही माझी राई."

मग तिनंच आपला ठराव पडल्याची नोंद घ्यायला मला सांगितलं, आणि त्या पाचांची सूचना पुढच्या सभेच्या पत्रिकेवर घालायची मागणी केली. अनुमोदन कॉर्विननं दिलं.

पुढचा सण शरदातला होता. आम्ही तुरुंगात गेलो. पाचही जण भिंतीला लागून उभे होते, शाळेत काहीतरी फोडलेल्या मुलांसारखे. ट्रुडी त्यांच्यापुढे जाऊन थांबली आणि म्हणाली, "तुम्ही मला पाडलंत."

"हो, मॅडम," एमेट म्हणाला.

"एका मतानं."

"आमच्याकडे एकच होतं, मॅडम."

ट्रुडी हसली ती इतक्या मोठ्यानं, की पहारेकऱ्यानं दार उघडून आत डोकावून पाहिलं. मग हेक्टर हसला, मग सगळेच. त्या दिवशी पाळी कोणाची ते मला आठवत नाही. ते वहीत आहे.

तीन शेजाऱ्यांचा नियम पुढच्या वर्षी मंजूर झाला. पहिल्यांदा तो लागू झाला आमच्याच राईत, पूजेच्या नव्या जागेवरून. ट्रुडी आणि आमचा तरुण प्रमुख लेलंड यांचं बोलणं बंद झालं होतं. तीन शेजारी आले, स्वयंपाकघरात बसून दिवसभर दोघांचं ऐकलं, पर्सिमनच्या फळाचं पुडिंग खाल्लं, आणि मतदान झालं. ट्रुडी हरली. दुसऱ्या रविवारी खुर्च्या मांडायला ती नव्या जागेवर लेलंडच्या आधी पोचली होती. जागा दलदलीची आहे असं ती अजूनही म्हणते, आणि ते खरं आहे.

एमेट २०१९ मध्ये सुटला. आता इव्हान्सव्हिलच्या बाजूला छपरं शाकारायची कामं करतो आणि तिथल्या रोपाचा चिटणीस आहे. प्रमुख व्हायला तो तयार नाही. हेक्टर अजून आत आहे. कार्व्हर रिजची राई आता अकरा जणांची आहे. बाहेरून दर सणाला त्यांच्याकडे जायचं काम ट्रुडीच्या गुडघ्यांना झेपेना, तेव्हा ते तीन जणांनी वाटून घेतलं. तिघंही तक्रार करतात, की एकट्या बाईनं हे इतकी वर्षं केलं कसं. ट्रुडीला विचारलं तर ती सांगते, की एकटीनं केलं नाही, विनी बरोबर होती, आणि सांगून झाल्यावर विचारते, की कोपऱ्यातला माणूस बोलतो का हल्ली.